संगप्पाच्या भावनांची टेस्ट सिरीज

लातूरच्या ट्यूशन एरियात नीलम्माच्या मेसचा पत्ता विचारू नये. विचारलात, की समोरचा माणूस असा बघतो, जणू तुम्ही गंजगोलाईत उभं राहून गंजगोलाई कुठंय म्हणून विचारताय. चपलांचा ढीग दिसला की ती मेस. बेचाळीस मुलींच्या चपला. लोहा, मुखेड, देगलूर, अहमदपूर, जिथं जिथं आईबापांनी मुलीला डॉक्टर करायचं मनावर घेतलं, तिथून एकेक मुलगी येऊन नीलम्माच्या पंगतीला बसलेली.

नीलम्मा मूळची उदगीरकडची. लाडात आली की कानडी, व्यवहारात मराठी आणि भांडताना उर्दू. उंची पाच फुटाला दोन बोटं कमी, पण आवाज असा, की तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीनं वरणात मीठ कमी आहे असं नुसतं मनात आणलं तरी खालून उत्तर यायचं, "मीठ ताटात डाव्या बाजूला वाढलंय, डोळे उघड!" एकतीस डॉक्टर माझ्या वरणावर झालेत, हे तिचं आवडतं वाक्य. त्या एकतीस जणींनी थोडाफार अभ्यासही केला असेल, हे ती मोठ्या मनानं मान्य करायची.

तिच्या मेसमध्ये दोन गोष्टी चालत नसत. ताटात टाकणं आणि डोळ्यांतून पाणी काढणं. कुणाचे मार्क पडले, कुणाला घरची आठवण आली, की नीलम्मा एक विळी आणि टोपलीभर कांदे पुढ्यात सरकवायची. "रडायचंय न्हवं? मग कामाचं रड." मुलगी कांदे चिरायची, मनसोक्त रडायची, कुणी काही विचारायचं नाही आणि संध्याकाळच्या भाजीची सोय व्हायची. या पद्धतीचा नीलम्माला फार अभिमान होता. दुःखावर यापेक्षा बरा उपाय अजून निघालेला नाही असं तिचं मत होतं, आणि मत म्हणजे तिच्या घरात कायदा.

तिचा नवरा संगप्पा. ज्या मुली मेसमध्ये येऊ शकत नाहीत त्यांचे डबे पोचवायचा. स्कूटरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या, पुढं पिशवी, मागं क्रेट. मधे कुठं तरी संगप्पा. बोलण्याच्या बाबतीत अतिशय काटकसरी माणूस. 'हाव', 'न्हाई' आणि 'बघू' एवढ्या तीन शब्दांत त्यानं बावीस वर्षांचा संसार केला होता. नीलम्मा बाकीचे सगळे शब्द वापरत असल्यामुळं भाषेचं नुकसान होत नव्हतं.

आणि तो प्यायचा.

हे गल्लीला ठाऊक होतं, मुलींना ठाऊक होतं. तो दंगा करायचा नाही, शिवी द्यायचा नाही. मुकाट प्यायचा, मुकाट झोपायचा. नीलम्मानं या गोष्टीवरही झाकण ठेवलेलं होतं. पण त्या वर्षी जुलैत, नीटच्या परीक्षेच्या दिवशी, संगप्पा सकाळचे डबे घेऊन निघाला तो पोचलाच नाही. अकरा मुली बिस्किटं खाऊन परीक्षेला गेल्या. स्कूटर औसा रोडला एका लिंबाखाली उभी सापडली. डबे जागच्या जागी, उपमा थंड, आणि संगप्पा लिंबाला टेकून घोरत होता.

नीलम्मा त्या अकरा मुलींच्या खोल्यांवर एकेकीकडं गेली, हात जोडले, आणि परत येऊन नवऱ्याच्या कपड्यांची पिशवी भरून खुंटीला अडकवली.

"एक तर दवाखाना, न्हाई तर ही पिशवी. सांगा."

संगप्पा म्हणाला, "बघू."

"बघू न्हाई! हाव का न्हाई?"

"हाव."

दवाखान्यात आठवडाभर ठेवून, सलाईन आणि गोळ्या देऊन त्याच्या अंगातली दारू उतरवली. मग डॉक्टर म्हणाले, शरीराचं झालं, आता मनाचं. बारा आठवडे, दर शुक्रवारी चार वाजता, मोबाईलवर. समुपदेशक मॅडम नांदेडच्या. आणि नवरा-बायको दोघांनी बसायचं.

"मी कशाला?" नीलम्मानं विचारलं.

"उपचार जोडप्याचा आहे," डॉक्टर म्हणाले.

नीलम्माला वाटलं, नवरा पळून जाऊ नये म्हणून हे आपल्याला राखणीला बसवतायत. ते तिला पटलं.

पहिल्या शुक्रवारी तिनं मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला, आणि पडद्यावर बुशरा मॅडम आल्या. तिशीच्या आतबाहेरची हसरी मुलगी. बोलणं हळू, पण प्रश्न बरोबर जागी. घर नांदेडच्या जुन्या भागात. मागच्या खोलीत तिचे अब्बा पाशामियाँ शेरवान्या शिवायचे, त्यामुळं मॅडमच्या प्रत्येक सल्ल्यामागं शिलाई मशीनची घरघर असायची. दोन शुक्रवारांत नीलम्मानं त्या शेरवानीचा भावही काढून घेतला होता.

"कुठले दिवस जास्त जड जातात?" बुशरानं विचारलं.

संगप्पा पिठाच्या डब्याकडं बघत राहिला. उत्तर नीलम्मानं दिलं. "तीस सप्टेंबर. भूकंपाचा दिवस. ह्यांचं गाव किल्लारीच्या अलीकडं. बाकीच्या दिवशी हे दारू पितात, त्या दिवशी दारू ह्यांला पिते. मागच्या साली दोन दिवसांनी घावले."

"भाऊ, त्या दिवशी काय होतं तुम्हाला?"

"बघू," संगप्पा म्हणाला.

नीलम्मानं बोट उगारलं. "मॅडमसमोर सांगते. तीस तारीख कोरडी काढली तर हे घर तुमचं. त्या दिवशी घोटभर जरी घेतली, तरी पिशवी खुंटीला हायच."

अशी त्या घराची तारीख ठरली. दहाव्या आठवड्याचा शुक्रवार.

दुसऱ्या आठवड्यात बुशरानं एक यादी पाठवली. बत्तीस भावनांची. राग, चीड, खंत, हुरहूर, असूया, ओशाळलेपण, हायसं वाटणं, असं सगळं. रोज संध्याकाळी दहा मिनिटं एकानं आपल्याला काय वाटतंय ते या यादीतला शब्द शोधून सांगायचं, आणि दुसऱ्यानं फक्त ऐकायचं. सल्ला नाही, टोमणा नाही.

आता ही यादी पुण्याला गेली असती तर तिथल्या जोडप्यानं त्यावर चर्चा केली असती. नांदेडला गेली असती तर चहा पीत हसण्यावारी नेली असती. पण ती आली लातूरला, ट्यूशन एरियात, बेचाळीस मुलींच्या मेसमध्ये. नीलम्मानं चष्मा लावून बत्तीस ओळी वाचल्या आणि तिचा चेहरा उजळला. हे तिला येत होतं. यादी म्हणजे सिलॅबस!

"पोरींनो, या इकडं. काकांचा पेपर काढायचाय."

मुली काय, अभ्यास सोडून दुसऱ्याचा पेपर काढायचा म्हटल्यावर आनंदानं धावल्या. दोन दिवसांत पहिली टेस्ट तयार. एकशे वीस मार्क, चार पर्याय, चुकीच्या उत्तराला पाव मार्क वजा. शिवाय नीलम्माचा स्वतःचा नियम, दहापेक्षा जास्त चुकले तर ताटात ठेचा नाही. क्लासमधल्या उरलेल्या ओएमआर शीट होत्याच. रविवारी शेवटची पंगत उठली की संगप्पाला मधोमध बसवायचं, घड्याळ लावायचं.

प्रश्न असे असत. 'बायकोनं चहाचा कप आपटून ठेवला. तुम्हाला काय वाटलं? अ) अपमान ब) भीती क) खंत ड) वरील सर्व.'

"काका, 'वरील सर्व' दिसलं की डोळे झाकून तेच गोल करा," एका मुलीनं गुपचूप कानमंत्र दिला.

"कानात काय सांगायलीस गं?" नीलम्मा चुलीपासून ओरडली. "तसली कॉपी माझ्या मेसमध्ये चालणार न्हाई!"

पहिल्या टेस्टला संगप्पाला एक्केचाळीस पडले. चौथ्या आठवड्यात सत्तर. मुलींनी त्याला युक्त्या शिकवल्या, शब्दांच्या आद्याक्षरांची गाणी करून दिली. एकीनं मेंदूची आकृती काढून भीती कुठं बसते ते बाण मारून दाखवलं. डबे पोचवताना माणूस सिग्नलला उभा राहून पुटपुटायचा, "हुरहूर, हळहळ, हायसं... हुरहूर, हळहळ, हायसं..." शेजारच्या रिक्षावाल्याला वाटलं, जप चाललाय. त्यानं हात जोडले.

आठव्या आठवड्यात एकशे सोळा. मेसच्या दारावर निकाल लागला. 'संगप्पा काका, प्रथम क्रमांक.' परीक्षेला बसलेला उमेदवार एकच, पण लातूरला पहिला नंबर तो पहिला नंबर. नीलम्मानं गल्लीत साखर वाटली. तेवढे आठ आठवडे संगप्पानं थेंबाला शिवलं नव्हतं, हेही खरंच.

एकच गोष्ट जमत नव्हती. ती दहा मिनिटं. घड्याळाकडं बघायला कुणाला वेळ नव्हता म्हणून नीलम्मानं माप ठरवलं होतं, वरणाच्या कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत संगप्पानं बोलायचं आणि तिनं गप्प बसायचं. संगप्पा म्हणायचा, "मला जरा..." आणि पहिल्या शिट्टीच्या आत नीलम्मा, "जरा काय? नीट सांगा. खंत का हळहळ? बारकाईनं बघा, दोन्हीत फरक हाय!" की संगप्पा गप्प. मग उरलेल्या दोन शिट्ट्या दोघं कुकरकडं बघत बसायची.

नवव्या शुक्रवारी बुशरानं सहज विचारलं, "भाऊ, आज कसं वाटतंय?"

संगप्पा ताठ बसला, घसा साफ केला आणि म्हणाला, "मॅडम, पर्याय द्या."

बुशरा हसली ती अशी, की मागचं शिलाई मशीन थांबलं आणि पाशामियाँनी "क्या हुआ बेटा?" म्हणून डोकं आत घातलं. मग नीलम्मानं अभिमानानं सगळी कहाणी सांगितली. टेस्ट, ओएमआर, वजा मार्क, ठेचा. पडद्यासमोर निकालाचा कागदही धरला. बुशरा हसायची थांबली.

"ताई, खरं सांगू? इतकी मेहनत घेणारी बाई मी पाहिली नाही. पण तुमचा पेपर कुठाय?"

"माझा कशाला? मी पिते व्हय?"

"पिणारा एक असतो, ताई. मुकं घर दोघांचं असतं. बरं, एक सांगा. तीस तारखेला भाऊंना काय होतं, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? भूकंप झाला, माणसं गेली. सगळ्या दुनियेला ठावं हाय."

"दुनियेचं नाही. भाऊंचं."

नीलम्मानं निकालाचा कागद घडी करून ठेवला. बावीस वर्षांत विचारलं नव्हतं. भूकंप झाला तेव्हा ती उदगीरला शाळेत शिकत होती. फळीवरची भांडी पडली, आणि पुढं पंधरा दिवस शाळेला सुट्टी, एवढाच तिचा भूकंप. त्या सुट्टीत ती लई खेळली होती. लग्नानंतर ते आठवलं की तिला कसं तरी व्हायचं, आणि कसं तरी झालं की ती कामाला लागायची. संगप्पाच्या घरचं कुणी गेलं नव्हतं, हे लग्न ठरवतानाच कळलं होतं. 'सासर शाबूत हाय,' असं तिच्या वडिलांनी आनंदानं सांगितलं होतं. मग विचारायचं ते काय?

एवढं झाल्यावर एखादीनं त्या संध्याकाळी नवऱ्याला जवळ बसवून विचारलं असतं. नीलम्मानं काय केलं? तीस सप्टेंबरचं टाइमटेबल केलं. पाचला उठणे, साडेपाचला चहा, सहाला डबे, आठला उजळणी, दहाला ग्रँड टेस्ट, बाराला जेवण, साडेबाराला पेपर तपासणे. दर अर्ध्या तासाचा रकाना भरलेला, दारू शिरायला फट म्हणून नाही. डबे पोचवून झाले की स्कूटरची किल्ली तिच्याकडं. ते भलं मोठं पान तिनं भिंतीवर चिकटवलं. संगप्पा त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला.

"कसं हाय?" तिनं विचारलं.

"हाव," तो म्हणाला.

तीस तारखेला पाच, साडेपाच आणि सहा टाइमटेबलप्रमाणे झाले. आठ झाले नाहीत. संगप्पानं सगळे डबे वेळेवर पोचवले होते, एकही चुकला नव्हता, पण तो परतला नाही. फोन बंद.

साडेअकराला नीलम्मानं ॲप्रन काढून फेकला आणि जन्मात पहिल्यांदा परमिट रूमची पायरी चढली. वेटर गडबडला. "काकू, फॅमिली सेक्शन वर हाय..."

"तुझ्या फॅमिलीला घाल तिकडं! आमचे हे कुठं हायत?"

"आज आलेच न्हाईत, काकू. शपथ. दोन महिन्यांत फिरकले न्हाईत."

तिचा विश्वास बसला नाही. ती वाकून टेबलांच्या खाली बघून आली. तिथं बसलेल्या चार जणांनी उगाच पाय वर घेतले. दुसऱ्या ठिकाणी तेच, तिसऱ्या ठिकाणी तेच. औसा रोडच्या त्या लिंबाखाली एक कुत्रं झोपलं होतं.

चारला ती एकटीच पिठाच्या डब्यासमोर बसली. कोर्स बंद करा एवढं सांगायला. मागं गॅसवर संध्याकाळचं वरण लावलेलं.

"पळाले, मॅडम," ती म्हणाली. "एकशे सोळा मार्क घेऊन पळाले. टाइमटेबल एवढं काढलं, त्याच्याकडं बघून पळाले."

"ताई, तुम्हाला आत्ता काय वाटतंय?"

"राग. दुसरं काय?"

"रागाच्या खाली?"

"खाली काय असायचंय? राग म्हणजे राग." कुकरची एक शिट्टी झाली. बुशरा काहीच बोलली नाही. नीलम्माला गप्प माणसाची सवय होती, पण हे गप्प बसणं वेगळं होतं. ते वाट बघत होतं. दुसरी शिट्टी झाली. "भ्या वाटायलंय मॅडम," नीलम्मा एकदम म्हणाली, आणि तिचाच आवाज तिला ओळखू आला नाही. "दर साली ह्या दिवशी वाटतं. हे परत येतील का न्हाई, जित्ते येतील का न्हाई. मी दाराकडं बघत पोळ्या लाटते. कुणाला सांगू? सगळ्या पोरी माझ्याकडं बघून उभ्या हायत. मीच पडले तर..."

"ताई, एक मिनिट, भाऊ..." बुशरा हात वर करत होती.

"थांबा मॅडम, आता आलंय तर निघू द्या!" नीलम्मानं मॅडमलाही थांबवलं. "पिशवी भरून ठेवली, पण ते खरंच पिशवी घेऊन गेले तर मी काय करू? मला ह्या घरात त्यांचं 'हाव' ऐकायची सवय झालीय."

"ऐकायलोय," पडद्यातून आवाज आला.

बुशराच्या शेजारी मघाशीच एक काळा चौकोन उघडला होता, त्यात आता संगप्पाचा चेहरा होता; शुक्रवारच्या चारसाठी त्यानं आपला बंद फोन सुरू केला होता. थोडा हलणारा, थोडा अडकणारा. मागं बाभळी आणि दगडांचा ढिगारा.

"कुठं हायत तुमी!"

"गावात. जुन्या गावठाणात. पिलो न्हाई."

नीलम्मा बोलायला उठलीच होती. बुशरानं फक्त ओठांवर बोट ठेवलं. आणि नीलम्मा बसली. तिनं दोन्ही हातांनी पदर तोंडावर दाबून धरला, कारण नुसत्या निश्चयावर तिचा भरवसा नव्हता.

संगप्पा बोलला. बावीस वर्षांत बोलला नसेल तेवढं बोलला.

ग्यानोबा म्हणून त्याचा मित्र होता, एकाच बाकावरचा. ग्यानोबाचं घर दगडी, वर हातभर मातीचं माळवद. संगप्पाचं कुडाचं, वर गवत. सहामाही परीक्षा जवळ आलेली. ग्यानोबा म्हणाला, आज आमच्याकडंच झोप, गणितं करू. संगप्पा म्हणाला, तुमच्या माळवदाच्या घरात ढेकणं हायत, मी न्हाई येत. ग्यानोबानं त्याला ढकललं, दोघं हसले, आणि संगप्पा घरी गेला. पहाटे दगडी घरं बसली. कुडाचं घर नुसतं हललं.

"घरोघर मयत झालं. आमच्यात कुणी न्हाई. सरकारी पत्र्याच्या शेडमध्ये सगळे रडायचे, आन् मला म्हणायचे, तुझं बरं हाय, लेका. मग मी कसं रडू? माझं बरं होतं." त्यानं पायाजवळचा एक दगड बाजूला सारला. "मॅडम, बत्तीस भावना पाठ हायत माझ्या. पुढून, मागून. ह्येचं नाव त्यात न्हाई. वाचल्याची लाज वाटते. असं असतंय का?"

"असतं, भाऊ," बुशरा म्हणाली. "खूप जणांना असतं. यादीच अपुरी आहे."

कुकरची तिसरी शिट्टी केव्हाच होऊन गेली होती. चौथी झाली, सहावी झाली. मुली स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थबकल्या. वरण करपल्याचा वास सुटला. ज्या बाईनं पंधरा वर्षांत एक दाणा करपू दिला नव्हता, ती तोंडावर पदर दाबून मोबाईलसमोर बसली होती, डोळ्यांतून धारा चालल्या होत्या आणि कांदा कुठंच नव्हता.

"भाऊ, आता काय करावंसं वाटतंय?" बुशरानं विचारलं.

"ग्यानोबाची आई हाय, केवळाबाई. नव्या गावात. एकोणतीस सालं तिच्या दारात गेलो न्हाई. सकाळपासून चारदा गेलो, कोपऱ्यावरून माघारी आलो. जमंना."

नीलम्मानं तोंडावरचा पदर काढला. सल्ला द्यायचा नव्हता, टोमणा मारायचा नव्हता. हे सगळं वगळल्यावर तिच्याजवळ फारसं काही उरत नव्हतं. तरी जे उरलं ते तिनं दिलं.

"थांबा तिथंच. मी येते."

मेस मुलींवर सोडून ती निघाली. जाताना एवढंच म्हणाली, "वरण करपलंय. खिचडी टाका, आन् मीठ बघून घाला." एसटीत उभ्यानं प्रवास केला. वाटेत कंडक्टरनं विचारलं, "माहेरी का?" तर म्हणाली, "न्हाई. सासरी. पहिल्यांदाच चाललेय म्हणा."

ती उतरली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. संगप्पा स्टँडच्या कट्ट्यावर बसला होता, शेजारी स्कूटर. तिला बघून उभा राहिला.

"वास घेऊन बघ," तो म्हणाला.

"काही गरज न्हाई," ती म्हणाली. आणि खरोखरच घेतला नाही. हे सोपं नव्हतं. नाक तिचंच होतं.

भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावातली घरं एकसारखी, नंबर टाकलेली, ओळीत उभी. कोपऱ्यावर आल्यावर संगप्पाचे पाय थांबले. पूर्वीची नीलम्मा असती तर मागून ढकललं असतं. ही शेजारी उभी राहिली. समोरून एक शेळी गेली, एक सायकल गेली. मग संगप्पा आपणहून निघाला.

केवळाबाई उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती. ऐंशीच्या घरातली, डोळ्यांवर जाड भिंगं. तिनं मान वर करून बराच वेळ निरखलं.

"संगू व्हय रं?"

"हाव, मावशी."

"एकोणतीस सालं लावलीस, मुडद्या?" तिनं हातातली शेंग त्याला फेकून मारली. "सगळं गाव येऊन रडून गेलं. तूच आला न्हाईस. मला वाटलं, ह्यो बी गेला का काय."

संगप्पा तिच्या पायाशी बसला. "मावशी, त्या दिवशी ग्यानोबा मला ऱ्हा म्हणला होता. मी न्हाई ऱ्हायलो."

"ठावं हाय. ढेकणं म्हणलास न्हवं? जेवताना सांगून हसत होता." म्हातारीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "व्हतीच ढेकणं. लई व्हती. तू ऱ्हायला असतास तर आज माझ्या दारात कोण आलं असतं रं?"

मग संगप्पा रडला. भर उंबऱ्यात, आल्यागेल्यासमोर, मोठ्यानं. शेजारच्या घरातून बाया डोकावल्या. एक म्हणाली, "पिऊन आलाय जणू."

नीलम्मा गर्रकन वळली. "पिऊन न्हाई! सत्तर दिवस झाले, थेंब न्हाई! शुद्धीत रडायलेत. बघून घ्या नीट!" असा ठणठणीत आवाज त्या गावानं बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. बाई आत गेली.

केवळाबाईनं भिंगं सरळ केली. "ही गं कोण?"

"माझी बायको," संगप्पा नाक पुसत म्हणाला. "नीलम्मा. लातूरात मेस हाय तिची. हिनंच आणलं मला."

नीलम्माच्या आयुष्यात असे प्रसंग बरेच आले होते, जिथं श्रेय समोरून चालत यायचं आणि ती ते दोन्ही हातांनी घ्यायची. एकतीस डॉक्टर असेच तिच्या वरणावर झाले होते. पण आज ती उंबऱ्याशी टेकली, सुपातल्या मूठभर शेंगा स्वतःच्या ओच्यात ओढल्या आणि फोडायला लागली.

"न्हाई, मावशी," ती म्हणाली. "सकाळीच आलेत ते. एकटे. मी आपली मागून आले."

"बस मग," म्हातारी म्हणाली. "च्या ठेवते. संगू, शेंगा खा. नुसती हाडं राहिलीत."

"बघू," संगप्पा म्हणाला, आणि मूठभर तोंडात टाकल्या.